आईबाबांना घेऊन जुन्या होमस्टेडमध्ये राहायला जावं का? (साउथ ऑस्ट्रेलिया, जुलैची सुट्टी)

खडीसाखर

नमस्कार मंडळी, मेलबर्नहून लिहितेय. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आईबाबा इथंच असणारेत, आम्ही चौघं आणि ते दोघं अशी सहा डोकी. ग्रेट ओशन रोड, पेंग्विन वगैरे मागच्या खेपेला उरकून झालंय. बाबा बांधकाम खात्यात होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी कुठंही गेले की आधी भिंतीला हात लावून बघतात. आमचा गावाकडचा वाडा तीन वर्षांपूर्वी पाडला, तिथं आता चार मजली बिल्डिंग उभी आहे, त्यावर ते काही बोलत नाहीत पण काय वाटतं ते मला कळतं. म्हणून डोक्यात आलं की यावेळी मॉटेल-रिसॉर्ट नको, साउथ ऑस्ट्रेलियात ती जुनी दगडी होमस्टेड्स असतात ना, मेंढ्यांच्या स्टेशनवरची (स्टेशन म्हणजे अवाढव्य रान-मुलूख), त्यातलं एखादं घेऊन तीनचार रात्री राहावं. फोटो बघितले तर चारी बाजूंनी पडवी, आत उंच छत, फायरप्लेस, सगळं एकदम स्वप्नवत दिसतंय, आणि म्हणूनच शंका येतेय.

आईचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. थंडी किती असेल तिथं? बाथरूम खोलीला लागून असतं का बाहेर? दोघंही शाकाहारी, त्यामुळे स्वयंपाक आपला आपणच करायचा. मुलं ९ आणि ५. बजेट रात्रीचं ४५० डॉलरपर्यंत ताणता येईल. बरा नावाच्या जुन्या खाणीच्या गावाच्या बाजूला राहू की सरळ फ्लिंडर्सच्या डोंगरांत जाऊ हेही ठरत नाहीये. कुणी वयस्कर माणसांना घेऊन राहिलंय का? खरंखरं सांगा, ब्रोशरची भाषा वाचून डोकं उठलंय.

गाडीवान

राहिलोय, दोनदा, दुसऱ्यांदा सासूसासऱ्यांना घेऊन. जा, पण मालकाला फोन करून नीट विचारून जा, नुसते फोटो बघून बुक करू नका.

आधी रस्ता. मेलबर्नहून मिल्ड्युरा साधारण ५४० किमी, एक मुक्काम तिथं टाका, एका दमात करायच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्या दिवशी रेनमार्क, मॉर्गन करत बरा, तीनसाडेतीनशे किमी, आरामात दुपारी पोचता. (गावाचं नाव खरंच बरा आहे, आणि गाव बरंच चांगलं आहे, हा विनोद आमच्या गाडीत साठ वेळा झाला, तुमच्याही होईल.) तिथून हॉकर हे गाव अजून अडीचतीन तास, पुढं विल्पेना (फ्लिंडर्समधलं नॅशनल पार्क) पन्नासपंचावन्न किमी. हॉकर ते विल्पेना डांबरी रस्ता आहे, तुमची साधी गाडी चालते. पण होमस्टेड म्हणजे मेन रोडला लागून असेल असं नाही, फाट्यापासून आत दहाबारा किमी मातीचा रस्ता असू शकतो आणि पाऊस पडला की त्या मातीचा नुसता चिखल होतो, तेव्हा आतला रस्ता किती आणि कसा हे पहिलं विचारा. आणि संध्याकाळी पाचनंतर गाडी चालवायची नाही. जुलैत लवकर अंधार पडतो आणि कांगारू नेमके त्याच वेळेला रस्त्यावर येतात. घड्याळ अर्धा तास मागं करायला विसरू नका, आम्ही पहिल्यांदा चावी घ्यायला अर्धा तास आधी जाऊन दारात बसलो होतो.

थंडी: दिवसा ऊन मस्त असतं, रात्री शून्याच्या आसपास जातं. आता ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत हो. भिंती दीडदोन फूट जाड, छत बारातेरा फुटांवर, सभोवार पडवी असल्यामुळे ऊन आत येतच नाही. जानेवारीत बाहेर ४२ असताना आत गार वाटावं म्हणून हे सगळं. तेच जुलैत उलटं बसतं. दगड एकदा गार झाला की तापायला दीड दिवस लागतो. फायरप्लेस फोटोत छान दिसते पण ऊब समोरच्या चार फुटांपुरती, बाकी सगळी धुराड्यातून वर. मोठ्या हॉलमध्ये लाकडाचा बंद हीटर आहे का, आणि झोपायच्या खोल्यांत स्प्लिट एसी किंवा निदान ऑइल हीटर आहे का, हे स्पष्ट विचारा. इलेक्ट्रिक ब्लँकेट असेल तर आईंची खोली तीच. लाकूड ते देतात की आपण आणायचं हेही विचारा, नॅशनल पार्कमधून काटक्या उचलायला बंदी आहे.

पाणी: प्यायला छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं, आणि अंघोळीला बऱ्याच ठिकाणी बोअरचं. बोअर म्हटल्यावर आपल्याला समजावून सांगायला नको. साबणाला फेस येत नाही, केस झाडूसारखे होतात. टॉयलेट सेप्टिक टँकवर, कागदाशिवाय काही टाकायचं नाही, मुलांना आधीच दम देऊन ठेवा, वेट वाइप्स अजिबात नाहीत. सासूबाईंना बादली-तांब्या लागतो म्हणून आम्ही बादली घरून नेली, कारण तिथं शॉवर बाथटबच्या आत होता आणि टबची कड ओलांडणं त्यांना जमेना. गुडघेवाल्यांसाठी हाच खरा प्रश्न आहे बघा, बाथरूम लागून आहे का यापेक्षा आत टब आहे का.

लिंबूटिंबू

गाडीवान यांना +१, आणि एक भर, जरा कडू आहे.

आम्ही दोन वर्षांपूर्वी असंच एक 'हिस्टॉरिक होमस्टेड स्टे' बुक केलं, नाव घेत नाही. वेबसाइटवर सगळे फोटो मोठ्या घराचे, पडवी, पियानो, पितळेचे पलंग. पोचलो तर बाई हसतमुखानं आम्हाला घरावरून पुढं घेऊन गेल्या, शेडच्या मागं, आणि म्हणाल्या हे तुमचं. ते होतं शिअरर्स क्वार्टर्स, म्हणजे लोकर कातरायला टोळ्या यायच्या त्यांच्या राहायच्या खोल्या. एका ओळीत सहा खोल्या, पत्र्याचं छप्पर, लोखंडी खाटा, बाथरूम व्हरांड्याच्या त्या टोकाला, सगळ्यांना मिळून एकच. मोठ्या घरात मालक स्वतः राहतात! आणि बुकिंग उघडून पुन्हा वाचलं तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. मित्रमंडळी असतो तर धमाल आली असती, खरंच, पण सोबत आत्या होत्या, वय ७१, रात्री टॉर्च घेऊन व्हरांड्यातून जायचं आणि त्या दिवशी दव गोठलेलं.

तेव्हा शब्द नीट वाचा. होमस्टेड म्हणजे मुख्य घर. कॉटेज म्हणजे बहुतेक मॅनेजर नाहीतर गड्याचं घर, ते बरेचदा सगळ्यात सोयीचं निघतं कारण लहान असतं आणि लवकर तापतं. क्वार्टर्स म्हणजे वर सांगितलं ते. आणि 'होमस्टेडची एक विंग' असं असेल तर किचन कॉमन आहे का विचारा. एकच वाक्य ईमेलमध्ये लिहून घ्या, की आम्ही नक्की कुठल्या इमारतीत झोपणार.

खडीसाखर

बापरे, हे शिअरर्स क्वार्टर्स मला माहीतच नव्हतं, मी शॉर्टलिस्ट केलेल्या तीनपैकी एक तेच आहे बहुतेक, आत्ता परत बघितलं तर 'बंक' असा शब्द आहे. काढून टाकलं.

बादलीचं एकदम पटलं. आई मागच्या वेळी मॉटेलमध्ये कचऱ्याचा डबा धुऊन बादली म्हणून वापरणार होती, मी वेळेत पोचले.

बाबांसाठी बघण्यासारखं काय आहे तिकडं? बाबा म्हणजे निसर्ग पाच मिनिटं, भिंत एक तास.

दगडधोंडा

भिंत एक तास! तुमचे बाबा आपले माणूस आहेत. माझं लिहिणं लांबेल, चालवून घ्या.

आधी एक, अमेरिकेतलं होमस्टेड आणि इथलं वेगळं. तिकडं १८६२ च्या कायद्यानं १६० एकर जमीन मिळायची ती होमस्टेड. इथं स्टेशन म्हणजे मेंढ्यांचा किंवा गुरांचा अवाढव्य रान-मुलूख, आणि होमस्टेड म्हणजे त्याच्या मधोमध मालकाचं घर आणि भोवतीचा सगळा बारदाना: वेगळं स्वयंपाकघर, तळघर, लोहारशाळा, लोकर कातरायची शेड. (स्टेशनवर राहणार म्हटल्यावर माझी आजी म्हणाली होती, प्लॅटफॉर्मवर कशाला रे?) जुन्या घरांत स्वयंपाकघर मागं सुटं असतं कारण आग लागायची भीती आणि उन्हाळ्यात चुलीची धग. आपल्याकडं चूल माजघराच्या मागं असते तसं समजा, फक्त इथं मधे मोकळं अंगण. त्यामुळे काही घरांत अजूनही जेवणाचं ताट घेऊन पडवीतून यावं लागतं, जुलैत आमटी वाटेतच गार.

साउथ ऑस्ट्रेलियात दगडी घरं एवढी का, तर इमारती लाकूड फार नाही आणि दगड पायाखाली आहे. ही वसाहत १८३६ ची, इंग्लंडहून पाठवलेल्या कैद्यांची नव्हे, म्हणजे त्या कैद्यांनी बांधलेलं इथं सापडणार नाही. बांधणारे पगारी गवंडी होते आणि बऱ्याच ठिकाणी कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार. बराची तांब्याची खाण १८४५ ते १८७७ चालली. सुरुवातीला घरं पुरेनात म्हणून लोक नाल्याच्या काठात बिळं खणून राहायचे, १८५१ च्या सुमाराला १८०० च्या आसपास माणसं अशी राहत होती आणि पूर आला की संसार वाहून जायचा. त्यांच्यासाठी १८४९ ते १८५२ मध्ये बांधलेली पॅक्स्टन स्क्वेअरची चाळवजा घरं अजून उभी आहेत. बरात हेरिटेज पासपोर्ट म्हणून प्रकार मिळतो, पैसे भरले की एक किल्लीच हातात देतात, ती घेऊन गावभरची कुलूपबंद ठिकाणं आपली आपण उघडून बघायची, ती नाल्यातली बिळंसुद्धा. तुमच्या ९ वर्षांच्या मुलाकडं/मुलीकडं किल्ली द्या, दिवस सुटला.

आणि बाबांना कन्याकाला न्याच. क्वॉर्नहून हॉकरकडं जाताना चाळीसेक किमीवर, रस्त्याजवळच. आई नावावरून देऊळ समजतील, पण ते एका स्टेशनचे अवशेष आहेत. १८५२ मध्ये ह्यू प्रोबी नावाच्या पोरगेल्या माणसानं सुरू केलं, आणि त्याच वर्षी गुरं सांभाळताना विलोच्रा नाल्याच्या पुरात वाहून गेला. नंतर तिथं एक गावच वसलं म्हणा, बरीच कुटुंबं राहायची. मग १८६४ पासून भयंकर दुष्काळ आला, मेंढ्या हजारांनी मेल्या. आता छपरं गेलीत, भिंती उभ्या. बाबांना सांगा की राहत्या घरात गिलाव्याखाली काय आहे ते दिसत नाही, इथं कापून ठेवल्यासारखं दिसतं: दोन्ही बाजूंना बसवलेला दगड, मधे खडी-मातीचा भराव, चुन्याचा दर्जा, दारावरची कमान कशी तोललीय. आपल्या वाड्याच्या भिंतीशी ताडून बघायला याहून चांगलं ठिकाण नाही. ज्यांना छप्पर होतं त्यांत तुळया बहुतेक तिथल्याच रानातल्या पाइनच्या, कारण त्याला वाळवी सहज लागत नाही.

त्या दुष्काळावरून आणखी एक. गॉयडर नावाचा सर्व्हेअर जनरल १८६५ मध्ये घोड्यावरून फिरला आणि नकाशावर रेघ मारली, हिच्या उत्तरेला पाऊस भरवशाचा नाही, शेती करू नका. पुढं चांगली पावसाळी वर्षं आली, लोकांनी आरडाओरडा केला, १८७४ मध्ये सरकारनं रेघ गुंडाळली, लोक नांगर घेऊन उत्तरेला गेले, आणि १८८० नंतर पाऊस गेला तशी घरं सोडून परतले. बराहून हॉकरला जाताना रानात जी एकेकटी धुराडी आणि बिनछपराच्या खोल्या दिसतात ना, त्यातल्या कित्येक तेव्हाच्याच. बाबांना ही गोष्ट गाडीत सांगा, मराठवाड्यात नोकरी झाली असेल तर जास्त सांगायला लागणार नाही.

नको_ते_बोलणारा

सगळं मस्त लिहिलंय पण दोन गोष्टी खटकतात म्हणून बोलतो.

एक, होमस्टेडच्या माहितीपत्रकात नेहमी लिहिलेलं असतं 'अमुक साली पहिल्यांदा इथं वस्ती झाली'. वस्ती आधीच होती. बरा-क्लेअरचा भाग ङाजुरी लोकांचा आणि फ्लिंडर्स अद्न्यामथान्हा लोकांचा. विल्पेना पाउंडचं त्यांचं नाव इकारा, म्हणजे भेटीची जागा, २०१६ पासून पार्कच्या नावातही ते आलंय. कुंपणं आली तशी त्यांची पाण्याची ठिकाणं मेंढ्यांकडं गेली. पियानो आणि पितळी पलंग बघताना हे पोरांच्या कानावर घाला एवढंच. विल्पेनाला त्यांच्यातल्या गाईडबरोबर फिरता येतं, त्या गोष्टी पियानोपेक्षा भारी असतात.

दोन, सत्तरीच्या माणसांना घेऊन चार रात्री एकाच रानातल्या घरात नको. पहिला दिवस भारावून जातात, दुसऱ्या दिवशी बाबा सगळ्या भिंती बघून होतात, तिसऱ्या दिवशी आई विचारते आता काय. टीव्ही असेल नसेल, फोनला रेंज असेल तर टेल्स्ट्राची, बाकीच्या कंपन्या गाव सोडलं की गप. भारतातून फोन आला नाही की आईवडील बेचैन होतात, अनुभव आहे. आणि देव न करो पण रात्री छातीत दुखलं तर ०००ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन लावायला तरी काहीतरी हवं, तेव्हा घरात लँडलाइन किंवा वायफाय आहे का ते बघा, आणि जवळचं हॉस्पिटल किती लांब ते आधी नकाशावर काढून ठेवा. माझं मत, दोन रात्री होमस्टेड, बाकी बरा किंवा क्वॉर्नसारख्या गावात.

गाडीवान

दोन रात्री होमस्टेड हे बरोबर आहे. आम्ही दुसऱ्यांदा चार घेतल्या होत्या, तिसऱ्या दिवशी सासरे शेजारच्या मेंढ्या मोजत बसले होते. शप्पथ. रोज वेगळा आकडा यायचा आणि त्यावरून मालकाशी वाद.

फोडणी

स्वयंपाकाचं कुणीच नीट बोललं नाही म्हणून आले.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिल्ड्युराकडून येणार असाल तर रेनमार्कच्या अलीकडं यांबाला चौकी लागते. फळमाशीसाठी. ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या वगैरे आत नेता येत नाही, गाडी उघडून बघतात आणि दंड होतो, 'माहीत नव्हतं' चालत नाही. आईंनी डब्यात गुपचूप लिंबं ठेवलेली असतील तर ती आधी शोधा. आमच्या वेळी चौकीच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन पाच जणांनी अडीच किलो संत्री खाल्ली आणि मग पुढचा सगळा प्रवास जो काय झाला त्यात शिरत नाही. डाळतांदूळ, पीठ, मसाले, लोणच्याची सीलबंद बाटली सगळं चालतं, भाजी पलीकडं रेनमार्कला घ्या. होमस्टेडच्या जवळच्या गावातलं दुकान रविवारी दुपारी बंद असू शकतं हे धरून चाला.

दुसरं, स्मोक अलार्म. ही घरं जुनी म्हणून अलार्म फार जागरूक असतात. मोहरी तडतडली, हिंग पडला, लाल मिरची टाकली की वाजलाच. मी आता जाताना घरूनच फोडणी करून बरणीत भरून नेते, तेलावर मोहरी-जिरं-हिंग-कढीपत्ता, आठवडाभर टिकते, तिथं वरण उकळायचं आणि चमचाभर वरून घालायचं. भाकरी मात्र नकोच, धूर होतो आणि वर बघून शिव्या बसतात. पुऱ्यांचा विचारसुद्धा नको. जुने पडदे आणि गालिचे वास धरून ठेवतात, आणि जाताना क्लीनिंगचे जादा पैसे लावले तर वाद घालता येत नाही.

काही ठिकाणी किचनमध्ये अजून लाकडावरचा जुना बिडाचा स्टोव्ह असतो, बाजूला साधा गॅसही देतात. तो जुना पेटवून देतात का विचारा, आमच्याकडं मालकीणबाईंनी स्वतः पेटवून दिला आणि त्यावर रात्रभर ठेवलेली उसळ जी काही झाली होती!  नोव्हेंबर ते एप्रिल जाणाऱ्यांनी बाहेर शेकोटी वगैरे डोक्यातून काढा, टोटल फायर बॅनच्या (आगीवर पूर्ण बंदीच्या) दिवशी बाहेर काहीच पेटवायचं नाही.

प्रेशर कुकर घेऊन जा. तिथं नसतो.

लिंबूटिंबू

अडीच किलो संत्री 😂

अवांतर: मालक तिथंच राहत असतील तर संध्याकाळी एकदा चहाला बोलवा. भाषेचं टेन्शन घेऊ नका, त्या शेतकऱ्यांना पाऊस, जमीन, पाणी यावर बोलायला फार आवडतं आणि आपल्या बाबा लोकांनाही तेच. आमच्या आत्यांचं आणि त्या बाईंचं कशावर जमलं माहितीये? दोघींची विहीर एकाच वर्षी आटली होती. क्वार्टर्सचा राग तिथं निम्मा गेला.

खडीसाखर

काय काय सांगितलंत सगळ्यांनी, वही काढून लिहून घेतलंय.

तर असं ठरतंय: मिल्ड्युरा एक रात्र, बरा दोन रात्री गावातच, मग हॉकरच्या बाजूला होमस्टेडमध्ये दोन रात्री, मधे कन्याका. मालकांना फोन केला. आम्ही नक्की कुठल्या इमारतीत झोपणार हे ईमेलवर लिहून घेतलं, मुख्य घराची पूर्वेकडची बाजू, किचन आपलं वेगळं. एका बाथरूमला टब नाही, ते आईचं. आतला रस्ता सहा किमी मातीचा. लाकूड ते देतात. लँडलाइन आहे, ती ऐकल्यावर आईच निश्चिंत झाली. तो जुना स्टोव्ह आहे पण धुराड्यात पक्ष्यांनी घरटं केलंय म्हणे, त्यामुळे उसळ गॅसवर.

बाबांना काल व्हॉट्सॅपवर घराचे फोटो पाठवले. आईनं लगेच बदाम-बिदाम पाठवले. बाबांचं तासाभरानं उत्तर आलं, एक फोटो झूम करून, त्यावर लाल गोल काढून: 'हा जोत्याजवळचा गिलावा फुगलाय. पांढरं काय दिसतंय? ओल कुठून चढतेय ते त्यांना विचार.' मी विचारणार नाहीये अर्थात, राहायला जाणार आहे, घर विकत घेत नाहीये.

दगडधोंडा

विचारा हो! बाबांनी एका फोटोवरून ओळखलं, त्याला इथं सॉल्ट डॅम्प म्हणतात, साउथ ऑस्ट्रेलियातल्या जुन्या दगडी घरांचा हाच रोग. जमिनीतलं खारट पाणी भिंतीत चढतं, सुकताना मीठ मागं राहतं आणि दगड-गिलावा आतून फोडतं. त्यात भर म्हणजे मधल्या काळात लोकांनी वरून सिमेंटचा गिलावा मारला, मग ओल बाहेर पडेना, अजून वर चढली. चुन्याच्या भिंतीला सिमेंट, आपल्याकडं वाड्यांचं झालं तेच.

मालक गेली पंधरा वर्षं त्या कोपऱ्याशी झगडत असणार. बाबांना तिथं खुर्ची टाकून द्या.

खडीसाखर

हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, चुना मिळतो का तिथं विचार, येताना थापी आणू का.

मी थापी विमानात केबिनमध्ये चालणार नाही म्हणाले तर म्हणतात, चेक-इनमध्ये टाकतो.